वाघ्याच्या चालीनं

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
2 नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

तुझा फोन आला तेव्हा आम्ही मोनो तलावाच्या काठी होतो. रेंज येत-जात होती, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. ट्रकच्या पाठीवर घर घालून फिरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला कशाला सोबत ओढत नेता? फोनवर दोन वाक्यांत उरकायला मन होईना. आता घरी परतलोय, कपडे धुऊन झालेत, निवांत लिहायला बसलोय.

आधी वाघ्याचं सांगतो. त्याला अकरावं सरलं. त्याच्या आकाराच्या कुत्र्याला हे वय खूप झालं. मागच्या पायांचे सांधे धरलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चालवा, पण त्याच्या चालीनं. मग नीलिमा म्हणाली की आपणच त्याच्या चालीनं जाऊ या ना कुठेतरी. त्याला कुणाकडे ठेवून जायचा विषयच आमच्या घरात निघाला नाही. प्रवास आखला तो त्याच्यासाठीच. आणि सुध्या, इतकी वर्षं या राज्यात राहून जे दिसलं नव्हतं ते त्याच्यामुळे दिसलं, हे मी अगदी मनापासून सांगतो.

आता घराचं. आपल्याकडे टेम्पोला हौदा असतो तसा इथल्या पिकअप ट्रकलाही असतो. त्या हौद्यात बसणारं एक छोटं घर मिळतं, त्याला ट्रक कॅम्पर म्हणतात. घराच्या चार कोपऱ्यांना चार जॅक. घर त्यांच्यावर उभं करायचं, ट्रक इंच-इंच मागे घेत त्याच्या खाली न्यायचा, मग जॅक उतरवून घर हौद्यात टेकवायचं आणि साखळ्यांनी ट्रकला आवळायचं. आत ड्रायव्हरच्या टपावर येतो त्या भागात झोपायची जागा, खाली दोन बर्नरचा गॅस, सिंक, छोटा फ्रिज, जेवायचं टेबल आणि खालची टाकी काढून रिकामी करता येते असा संडास. छतावर सोलर पॅनल आणि हवा बाहेर फेकणारा पंखा.

खरी मेख वजनात आहे. ट्रक किती भार पेलतो ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर छापलेलं असतं. त्या आकड्यात घर, गॅस, आम्ही दोघं, वाघ्या, तांदळाचा डबा, सगळं बसवायचं. नुसतं 20 गॅलन पाणी भरलं तरी 75 किलो होतं. म्हणून तुझ्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढतो तसा आमचा भरला ट्रक आम्ही हायवेवरच्या काट्यावर चढवला. पुढच्या ॲक्सलचं वजन वेगळं, मागच्याचं वेगळं, अशी छापील पावती मिळते. ती हातात आल्यावरच मी निर्धास्त झालो. तू कधी या वाटेला गेलास तर ट्रक घेण्याआधी घराचं वजन बघ. लोक उलटं करतात आणि मग स्प्रिंगा बदलत बसतात. शिवाय स्प्रिंगा बदलल्या म्हणून लेबलवरचा आकडा काही वाढत नाही.

वाघ्या गाडी चालू असताना घरात कधीच नसतो. तो पुढे, आमच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून. घराचं दार मात्र मागच्या बाजूला आणि चांगलंच उंच. त्याला पाठीवर मूठ असलेला जाड पट्टा घेतलाय. तो पुढचे दोन पाय पायरीवर ठेवतो आणि मान वळवून माझ्याकडे बघतो. मी मूठ धरून मागचा भाग उचलला की उरलेलं तो स्वतः करतो. मी नुसताच उभा राहिलो तर तोही तसाच थांबून राहतो, कुरकुर करत नाही.

रस्ता निवडला 395, म्हणजे सिएरा नेवाडाच्या पूर्वेच्या पायथ्यानं उत्तर-दक्षिण जाणारा. त्यालाही कारण वाघ्याच. इथल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत पायवाटांवर कुत्र्याला बंदी असते. योसेमिटीत कुत्रा डांबरी वाटांवर आणि कॅम्पग्राउंडमध्ये चालतो, जंगलातल्या वाटांवर नाही. पण त्याच डोंगररांगेच्या पलीकडे राष्ट्रीय वनं आहेत, सरकारी मोकळी जमीन आहे. तिथे कुत्र्याला मज्जाव नाही, आणि बऱ्याच ठिकाणी फुकटात मुक्काम करता येतो. साधारण चौदा दिवस एका जागी राहा, मग हला. पाटी नाही, नळ नाही, दिवा नाही. पाणी आपलं आपण आणायचं आणि घाण आपली आपण न्यायची.

सप्टेंबरअखेर निघालो. 88 नंबरच्या रस्त्यानं कार्सन खिंड चढून होप व्हॅलीत उतरलो, तर ॲस्पेनची झाडं पिवळी व्हायला लागलेली. तिथून मॉनिटर खिंड, 8,314 फूट. चढाला आमचा ट्रक सावकाश चालतो. इथे कायदा आहे की दुपदरी रस्त्यावर तुमच्यामागे पाच गाड्या साचल्या की बाजूच्या मोकळ्या जागेत थांबून त्यांना वाट द्यायची. मी पाचांची वाट बघत नाही, दोन दिसल्या की थांबतो. वाघ्यालाही तेवढंच उतरायला मिळतं.

एकदा असे थांबलो तिथे ॲस्पेनची राई होती. पांढऱ्या सालीवर चाकूनं कोरलेली नावं आणि वर्षं, झाड वाढलं तशी काळी पडून रुंदावलेली. या डोंगरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बास्क मेंढपाळ कळप घेऊन येत. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची ही माणसं सबंध उन्हाळा डोंगरात एकटी काढत, सोबत मेंढ्या आणि कुत्री. लिहायला जवळ होती ती झाडाची सालच. मला आपल्या मिरज रोडला दिवाळीनंतर उतरणारे धनगरांचे वाडे आठवले आणि तळाला चालणारी त्यांची कुत्री. वाघ्या एका बुंध्याशी बराच वेळ हुंगत बसला. आम्हीही बसलो. साध्या कारनं आलो असतो तर त्या वळणावरून साठच्या वेगानं निघून गेलो असतो.

मोनो तलाव तुला आवडेल, तुझं लोणारचं वेड मला माहीत आहे. लोणार उल्केनं झालं, हा तसा नाही, पण दोघांनाही बाहेर पडायला वाट नाही, म्हणून दोन्हीकडे पाणी खारं आणि क्षारांनी जड. मोनोचं पाणी समुद्राहून दुपटीपेक्षा जास्त खारं. मासा जगत नाही, पण बारीक कोळंबी आणि काठावरच्या माश्या कोट्यवधींनी असतात. माश्यांची काळी पट्टी पाण्याच्या कडेनं पसरलेली असते. वाघ्या चालत गेला की ती त्याच्यापुढे फाकायची आणि मागे पुन्हा मिटायची, एकही माशी अंगावर बसली नाही. तळाशी कॅल्शियमवाल्या झऱ्यांचं पाणी क्षारांना मिळून चुनखडीचे मनोरे तयार होतात. हे सगळं पाण्याखाली घडतं. आज ते उघडे दिसतात, कारण लॉस एंजेलिसनं 1941 पासून तलावाचे ओढे वळवून नेले. पाणी इतकं ओसरलं की 1979 साली एक बेट जमिनीला जोडलं गेलं आणि कोयोटी, म्हणजे इथले कोल्ह्यासारखे प्राणी, तिथल्या पक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत पोचले. लोक कोर्टात गेले. 1994 साली पातळी 6,392 फुटांवर आणायचा आदेश निघाला. ती पातळी अजून आलेली नाही. काठावर त्या-त्या सालच्या पातळीच्या पाट्या लावल्यात. चालता चालता जुन्या सालाची पाटी लागते आणि पाणी कितीतरी खाली दिसतं. मला तिथे फार वाईट वाटलं. लढून जिंकलेली गोष्टसुद्धा इतकी हळू भरते.

तिथे वाघ्याला पाण्याला तोंड लावू द्यायचं नाही, आणि परतल्यावर पंजे गोड्या पाण्यानं धुवायचे. त्याहून वाईट म्हणजे वाळक्या गवताची कुसळं. बोटांच्या बेचक्यात शिरली की मांसात आत आत जातात, कानात गेली तर ऑपरेशनच. रोज संध्याकाळी नीलिमा हेडलॅम्प लावून त्याचे चारही पंजे बोटं फाकवून बघायची. तो पंजा स्वतःहून तिच्या मांडीवर ठेवायचा.

ब्रिसलकोन पाइनच्या रानात आम्ही पोचलो तेव्हा बाहेर गोठायला झालं होतं. दहा हजार फुटांवरची जागा. यातल्या एका झाडाचं वय 4,800 वर्षांहून जास्त आहे. एडमंड शुलमन या शास्त्रज्ञानं 1957 मध्ये त्याच्या वर्तुळांवरून ते मोजलं. ते झाड नेमकं कोणतं हे वनखातं सांगत नाही, कुणी इजा करू नये म्हणून. मला हे फार योग्य वाटतं. विरळ हवेत वाघ्याला धाप लागत होती, म्हणून छोट्या वाटेनंच गेलो, वीस पावलं चालायचं आणि बसायचं. एवढ्या वेळा बसल्यामुळे प्रत्येक झाड नीट पाहिलं. खोडाचा बराचसा भाग मेलेला, वाऱ्या-बर्फानं घासून गुळगुळीत, आणि एका बाजूनं चार बोटं रुंद सालीची पट्टी जिवंत, तिच्या टोकाला हिरवा झुपका.

आणि मग मांझनार. हे तुला सांगायचंच होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांत कोंडलं, त्यातली ही एक. इथे एका वेळी दहा हजार माणसं होती, बहुतेक इथलेच जन्मानं नागरिक. आता ते राष्ट्रीय स्मारक आहे. इमारतीत कुत्रा नेता येत नाही, म्हणून आळीपाळीनं गेलो. नीलिमा आधी गेली. परत आली ती काही न बोलता खाली बसली आणि वाघ्याच्या गळ्यात हात टाकून राहिली. मी आत गेल्यावर कळलं. 1942 च्या त्या लष्करी हुकमांत, काय आणायचं याच्या यादीखाली, एक वाक्य असायचं: कोणत्याही प्रकारचे पाळीव प्राणी नेता येणार नाहीत. हातात उचलता येईल तेवढंच सामान, आणि कुत्रं-मांजर मागे. कुणी शेजाऱ्याकडे दिली, कुणी नुसती सोडली. सुध्या, अन्यायाची आकडेवारी मी आधी वाचली होती. पण मला ते कळलं या एका ओळीत.

बाहेर आल्यावर आम्ही तिघं छावणीत फिरलो. बराकी बहुतेक गेल्यात. पण कोंडलेल्या लोकांनी त्या रेताड जमिनीत दगड रचून बागा केल्या होत्या, तळी खोदली होती, त्या वाळूखालून पुन्हा उकरून काढल्यात. भटारखान्यासमोर जेवणाच्या रांगेत उभं राहताना डोळ्यांना काही बरं दिसावं म्हणून केलेल्या. वाघ्या एका कोरड्या तळ्याच्या कडेला आडवा झाला आणि आम्ही त्याला उठवलं नाही.

शेवटचा मुक्काम लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये. गोलाकार खडकांचा पसारा, आणि मागे 14,505 फुटांचा माउंट व्हिटनी सरळ उभा. 1939 साली हॉलिवूडनं हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरचा एक सिनेमा इथेच काढला, या खडकांना खैबरची खिंड करून. आता इथे राहायला मोफत परवाना काढावा लागतो आणि ठरवलेल्या जागीच थांबावं लागतं, गर्दीनं झुडपं चिरडली म्हणून. आम्ही तिथे राहिलो आणि काहीच केलं नाही. सकाळी उन्हं शिखरावर, मग खाली खडकांवर. पिठलं-भात. दुपारी ट्रकच्या सावलीत वाघ्या, आणि सावली सरकली की आमच्या खुर्च्याही सरकायच्या. एक सांगतो, उन्हात कुत्र्याला बंद गाडीत पाच मिनिटंही सोडायचं नाही. इथे तसा कायदाच आहे, पण कायदा नसता तरी नाहीच.

आता तुझं. दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टात तसाच पडून आहे. एप्रिल-मेमध्ये ये, वहिनींना घेऊन. डोंगरावर बर्फ असतो आणि खाली दरीत फुलं. टेबल खाली पाडलं की दोघांचा पलंग होतो. वाघ्या त्याच्या शेजारी जमिनीवर झोपतो आणि घोरतो. पुढच्या ऑक्टोबरची वाट बघू नकोस. डॉक्टरीणबाई काही बोलत नाहीत, पण गेल्या महिन्यात त्यांनी गोळीचा डोस वाढवला, आणि मला तुझी-त्याची गाठ घालून द्यायची आहे.

तारखा कळव, मी मुक्काम धरून ठेवतो. भडंग जयसिंगपूरचंच आण. वहिनींना आमचा दोघांचा नमस्कार.

तुझा,
अरुण