बाबा, नवीन विंडोज आत्ता नको

पुणे, १ एप्रिल २०१२, रामनवमी

ती. बाबा आणि सौ. आई, सा. न. वि. वि.

फोनवरच बोलणार होते, पण फोनवर बाबा "बरं बरं" म्हणतात आणि लगेच फोन आईकडे देतात, मग त्यांना खरं काय वाटलं ते मला कधीच कळत नाही. म्हणून मेल करतेय. आई, तूही शेजारी बस आणि बाबांना मोठ्याने वाचायला सांग, मधलं काही गाळायचं नाही.

बाबा, पाडव्याला मी तुम्हाला शब्द दिला होता की ते विंडोज आठ तुमच्या कॉम्प्युटरवर टाकून देते. तुम्ही पेपरातलं कात्रण पंचांगात जपून ठेवलेलं, त्या रंगीत चौकोनांवर बोट ठेवून मला दाखवलंत, "ठमे, हे फुकट आहे म्हणे, टाकून दे की", आणि मी श्रीखंड खाता खाता हो म्हणून मोकळी झाले. तर मी ते टाकत नाहीये. आणि आधीच सांगून टाकते, मी परवा नवीन कॉम्प्युटरचे पैसे भरून आले, त्यात विंडोज सेव्हन आहे. शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी आहे, हनुमान जयंतीही त्याच दिवशी, तेव्हा घेऊन येतेच वाईला. विचारून घ्यायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर तुम्ही "जुना चालतोय की अजून" म्हणाला असतात आणि ते पुढची दोन वर्षं तसंच राहिलं असतं, जसं गच्चीच्या पाइपचं झालं.

आता का नाही ते नीट सांगते, कारण तुम्हाला कारण लागतं आणि ते तुमचं बरोबरच असतं.

हे जे फुकट मिळतंय ते पूर्ण झालेलं विंडोज नाहीये. कन्झ्युमर प्रिव्ह्यू म्हणतात त्याला, २९ फेब्रुवारीला बार्सिलोनात मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, म्हणजे लोकांनी वापरून बघावं आणि काय वाटतं ते कळवावं यासाठी. पहिल्याच दिवसात १० लाखांवर लोकांनी उतरवून घेतलं. आमच्याकडे तुमच्या जावयांनी त्याच रात्री जुन्या लॅपटॉपवर टाकलं. मी पण गेला महिनाभर रोज थोडा वेळ त्यावर बसतेय, तुमच्यासाठीच बसतेय असं समजा.

आणि खरं सांगू, त्यात चांगलं खूप आहे. चालू इतकं पटकन होतं की चहाचं आधण ठेवून येईपर्यंत तयार असतं. बंद करताना ते स्वतःचा आतला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलतं, म्हणून हा वेग. फाइली कॉपी करताना आलेख दिसतो, मध्येच थांबवता येतं, कुठले प्रोग्रॅम चालू आहेत ते दाखवणारा टास्क मॅनेजर तर इतका सुटसुटीत केलाय की ऑफिसमधले कॉम्प्युटरवाले त्यावरच खूश आहेत. ज्यांच्याकडे बोटाने चालवायची स्क्रीन आहे ते तर म्हणतात की आत्तापर्यंतचं सगळ्यात छान विंडोज हेच. आमच्या टीममध्ये एकाने टॅबलेटवर घेतलंय, तो दिवसभर बोट फिरवत दाखवत असतो आणि त्याच्या हातात ते खरंच सुंदर दिसतं, उगाच नावं ठेवणार नाही मी.

पण त्याच टीममधले दुसरे दोघं, जे दिवसभर माऊस-कीबोर्डवर काम करतात, ते वैतागलेत. स्टार्ट बटण काढून टाकलंय बाबा! १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात खाली जे बटण आहे, ज्याच्यावर मी तुम्हाला पहिल्यांदा क्लिक करायला लावलं होतं, ते. सप्टेंबरमध्ये डेव्हलपर, म्हणजे प्रोग्रॅम बनवणाऱ्या लोकांसाठी याची पहिली आवृत्ती आली तेव्हा बटण निदान दिसत तरी होतं, आता तेही नाही. आता माऊस अगदी कोपऱ्याच्या टोकावर न्यायचा, मग एक छोटं चित्र उगवतं, त्यावर क्लिक करायचं, आणि माऊस जरा बाजूला सरकला की चित्र गायब. कॉम्प्युटर बंद करायचा तर उजव्या कोपऱ्यात जायचं, तिथे पट्टी निघते, त्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, आणि मग शट डाउन. ते पूर्ण स्क्रीनभर उघडणारे नवे प्रोग्रॅम आहेत ना, त्यांना फुलीच नाही, वरच्या कडेला पकडून खालपर्यंत ओढत न्यायचं म्हणजे बंद. काही लोकांनी तर बाहेरून स्वतःचं स्टार्ट बटण बनवून द्यायला सुरुवातपण केलीये, यावरून काय ते समजा.

अमेरिकेत ख्रिस पिरिलो म्हणून एकजण आहेत, तंत्रज्ञानावर व्हिडिओ करतात. त्यांनी गेल्या महिन्यात स्वतःच्या वडिलांना या प्रिव्ह्यूसमोर बसवलं, काही न सांगता, आणि फक्त कॅमेरा चालू ठेवला. वडील डेस्कटॉपवर गेले आणि परत रंगीत चौकोनांकडे यायची वाट त्यांना काही सापडेना. फार गाजला तो व्हिडिओ. लोक दोन्ही बाजूंनी भांडले, कोणी म्हणे बघा हे असं होणार घराघरात, कोणी म्हणे एकदा दाखवलं असतं तर त्यांनाही आलं असतं. मी तो ऑफिसात बघितला, सगळे हसत होते, मला हसू नाही आलं. ते काका चष्मा सावरून पुन्हा पुन्हा माऊस हलवत होते आणि मला आपली माडीवरची खोली दिसत होती.

थांबा, लगेच "म्हणजे मला जमणार नाही असं वाटतं तुला" म्हणू नका. मला तसं अजिबात वाटत नाही. पन्नाशीनंतर एक्सेल शिकून ज्येष्ठ नागरिक संघाचे हिशेब पैशापैशाला जुळवणारा माणूस आठवड्यात कोपरे पाठ करेल हे मला माहितीये. माझं म्हणणं इतकंच की ज्याच्यावर करणाऱ्यांचंच अजून ठरतंय ते तुम्ही का पाठ करायचं? बाहेर येईपर्यंत यातलं काय राहील काय बदलेल कोणी सांगू शकत नाही. शिवाय तुमच्या आत्ताच्या जुन्या विंडोज एक्सपीवरून यावर गेलं तर फक्त फाइली राहतात, प्रोग्रॅम सगळे परत टाकावे लागतात, आणि तुमच्या मराठी टायपिंगची सीडी दादाच्या घर बदलण्यात गेली ती गेलीच. आवडलं नाही म्हणून मागे फिरायचं तर पुन्हा सगळं पुसून पहिल्यापासून. तुमच्या कुळाच्या टिपणांची साडेतीनशे पानं आहेत त्यावर, मी तो धोका घेणार नाही, तुम्ही रागावलात तरी चालेल.

आणि एक्सपीवरही राहायचं नाही, त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ पर्यंतच आहे, त्यानंतर सुरक्षेचे अपडेट बंद. तुम्ही बँकेचं त्यावरून बघता. सेव्हनला जानेवारी २०२० पर्यंत आहे, तोपर्यंत आपली छोटी पाचवीत असेल बघा. सेव्हनचाही असा प्रिव्ह्यू आला होता, जानेवारी २००९ मध्ये, तेव्हा मात्र बहुतेक लोक पहिल्या दिवसापासून खूश होते, एवढी भांडणं नव्हती, ते मला आठवतं कारण छोटीच्या वेळी जागरणं चालू होती आणि मी रात्री तेच वाचत बसायचे.

आता सोयीचं. आई, तुझे पत्ते आहेत. स्पायडरपण आहे, साधा सॉलिटेअरपण आहे, आधी तेच बघून घेतलं. (आठमध्ये ते आत येत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात.) बाबा, तुमचे आयकॉन जिथे आहेत तिथेच ठेवणार, मी येताना तुमच्या स्क्रीनचा फोटो काढून आणलाय, संघाचं फोल्डर वर डावीकडे, त्याखाली कुळाचं, त्याखाली आत्याचे अमेरिकेचे फोटो. मराठीसाठी एक्सपीत ती इंडिकची सोय चालू करायला सीडी शोधावी लागली होती, आठवतं? सेव्हनमध्ये ती भानगड नाही, देवनागरी पहिल्यापासून दिसते, वर नवीन फॉन्ट आहेत, अपराजिता, कोकिला आणि उत्साह अशा नावांचे. तुम्हाला कोकिला आवडेल असं मला वाटतं. अक्षरं मोठी करायला भिंग आहे, विंडोजचं बटण दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की आख्खी स्क्रीन मोठी होते. स्टार्ट बटण डाव्या कोपऱ्यात, खाली. मोठं, गोल. कुठेही लपत नाही.

डबल क्लिकचा वेग मी कमी करून देणार आहे, माऊसचा बाण मोठा आणि हळू.

बाबा, हे मी सगळ्यात शेवटी लिहितेय पण खरं तर याच्याचमुळे हे सगळं पत्र आहे. पाडव्याला तुम्ही मला हिशेब दाखवत होतात तेव्हा फुलीवर तीनदा क्लिक हुकलं. तुम्ही म्हणालात माऊस खराब झालाय. मी रात्री तो माऊस तपासला, चांगला आहे. श्रीखंडाची वाटी तुम्ही डाव्या हातात घेतलीत, हे आईच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं. आणि आईने दुकानात द्यायला सांगितलेली यादी तुम्ही लिहिलीत त्यातलं अक्षर इतकं बारीक होतं, शेवटच्या ओळीला तर मुंगीएवढं, की मी ती यादी परत दिलीच नाही, माझ्या पर्समध्येच आहे अजून. माझ्या सगळ्या वह्यांवर तुम्ही बोरूने नाव टाकायचात. दर जूनला अंगणात सतरंजी टाकून, काळी शाई, मी शेजारी श्वास रोखून बसायचे कारण तुम्ही म्हणायचात हलू नको, उभी रेघ चालू आहे. वर्गात कोणाच्याच वह्या तशा नसायच्या. पाचवीतली भूगोलाची वही अजून माझ्याकडे आहे, परवा काढून बघितली, ठ चा गोल असा आहे की कंपासने काढल्यासारखा.

घाबरवायचं म्हणून नाही लिहीत. हात थरथरायला शंभर कारणं असतात, थायरॉईड असतं, बी-ट्वेल्व्ह कमी असतं, तुमच्या दम्याच्या पंपानेसुद्धा होतं असं वाचलंय. काही असेल तर त्याला औषध असतं, आणि लवकर गेलं तर चांगलं, एवढंच. २१ एप्रिलला शनिवारी सकाळी ११ ची न्यूरॉलॉजिस्टची, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांची, वेळ मी घेतलीये, पुण्यात. वेळ बदलणार नाही. संघाची मीटिंग दुसरं कोणीतरी घेईल. आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने दोघांनी यायचं, सकाळच्या गर्दीत नाही, आणि खंबाटकीच्या वळणांवर आईला उलटीसारखं होतं तर तिला खिडकी द्यायची, तुम्ही पेपर वाचायला खिडकी घेऊ नका. राहायला आमच्याकडेच, छोटीने तिचा पलंग आजीला द्यायचा ठरवलंय. औषधांच्या चिठ्ठ्या सगळ्या आणायच्या, रिकाम्या स्ट्रिप्ससुद्धा. आई, पंपाचं नाव लिहून घे. घाटावर संध्याकाळी फिरायला जाता तेव्हा त्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, देवळापासून परत फिरायचं, दोन आठवडे तरी माझं ऐका.

आणि बाबा, रागावला असाल तर शुक्रवारी समोर रागवा, मी ऐकून घेईन. आठ नंबरचं विंडोज मी तुम्हाला दाखवणार नाही असं नाही, जावयांचा लॅपटॉप बरोबर आणतेय, ते रंगीत चौकोन तुम्ही हवे तेवढे हलवून बघा, आवडले तर पूर्ण झालेलं बाहेर आल्यावर परत बोलू. तुम्हाला काय वाटतं ते मला ऐकायचंय, आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांपेक्षा जास्त.

माडीवरचं टेबल फक्त रिकामं करून ठेवा, काही उचलू नका, ढकलायचं काम मी आल्यावर. मॉनिटरवरचं विणलेलं कव्हर टाकू नको हं आई, नवीन स्क्रीन चपटी आहे, तिला बसणार नाही, पण मला हवंय ते.

आणि शुक्रवारपर्यंत रोज एका कोऱ्या कागदावर, रेघा नसलेल्या, तारीख आणि आपल्या चौघांची नावं लिहून ठेवा बाबा. पेनने, टाइप करून नाही. डॉक्टर हस्ताक्षर बघायला मागतात. मी भूगोलाची वहीपण नेणार आहे त्यांना दाखवायला.

तुमची,
ठमी