वळणाच्या बाहेरची जागा मोकळी ठेवा

महोदय,

रिमोटवर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यती पाहायला हल्ली लहान मुलांसह अख्खी कुटुंबे येतात, याचा या छंदात रमलेल्या माझ्यासारख्याला आनंदच आहे. मात्र कडेला उभ्या असलेल्या बहुतेकांच्या लेखी ही मोटार अजूनही खेळणेच असते, आणि धोका तिथूनच सुरू होतो. एकास आठ प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश आकाराच्या, ऑफरोड बगी मोटारीचे वजन तीन किलोंच्या पुढे असते आणि सरळ पट्ट्यावर ती ताशी ६० किलोमीटरचा वेग सहज गाठते. त्या वेळी तिच्यात ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या तिपटीहून अधिक ऊर्जा असते. त्या चेंडूपुढे आपण पॅड आणि हेल्मेट घातल्याशिवाय जात नाही. इथे मात्र मुले चपला घालून, ट्रॅकच्या कडेच्या पाइपाला पाय टेकवून उभी असतात.

वेगातली गाडी सुटली तर ती वळणाच्या बाहेरच्या बाजूलाच जाते. नेमके तिथूनच शर्यत उत्तम दिसत असल्याने गर्दीही तिथेच होते. म्हणून सरळ पट्टा संपतो ते वळण आणि उडीनंतर गाडी टेकते ती जागा, या दोन ठिकाणी मजबूत जाळी तरी हवी, नाहीतर ती जागा पूर्ण रिकामी हवी. नुसती दोरी बांधून भागत नाही, कारण गाडी दोरीखालून निघून जाते.

वळणावर उभे राहून उलटलेल्या गाड्या सरळ करणाऱ्या मार्शलला असलेला धोका याहून मोठा आहे. उलटलेली गाडी सरळ करायला माझा एक सहकारी वाकला, तेव्हा येणाऱ्या गाड्यांकडे त्याची पाठ होती. उडीवरून आलेली दुसरी गाडी थेट त्याच्या घोट्यावर आदळली आणि तो तिथेच खाली बसला. त्याच्या हातातल्या गाडीची चाकेही फिरतच होती, कारण चालकाने रिमोटवरचा ट्रिगर, म्हणजे वेग देणारा खटका, सोडलाच नव्हता, आणि टायरच्या काट्यांनी हातमोजा फाटला. मार्शलने आधी येणाऱ्या गाड्या पाहाव्यात, मगच पाऊल टाकावे, पायात बंद बूट असावेत, आणि गाडी उलटताच चालकाने ट्रिगर सोडावा, हे प्रत्येक फेरीआधी मोठ्याने सांगितलेच पाहिजे.

सिग्नल तुटला तर गाडी आपोआप थांबावी यासाठी गाडीत फेलसेफ ही सोय असते. पण ती नीट लावलेली आहे की नाही, हे फारच थोडे जण तपासतात. गाडी स्टँडवर ठेवून, चाके अधांतरी असताना, रिमोट बंद करून पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. एरवी रिमोट आधी चालू करावा आणि सर्वांत शेवटी बंद करावा.

पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करण्याच्या जागेत, फुगलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी चार्जिंगला लावू नये, आणि चांगली बॅटरीही चार्ज होत असताना सोडून जाऊ नये. इंजिनावर चालणाऱ्या मोटारींच्या नायट्रो इंधनात मिथेनॉल असते आणि त्याची ज्वाला भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे इंधन भरण्याच्या जागेजवळ मुलांना अजिबात जाऊ देऊ नये.

आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की, पुढच्या शर्यतीआधी त्यांनी एकदा त्या वळणाच्या बाहेर स्वतः उभे राहून पाहावे आणि प्रेक्षकांची जागा त्यानंतरच आखावी.

आपला,
शर्यतींत मार्शलचे काम करणारा एक वाचक