मेथीच्या वाफ्यापलीकडच्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, चहा ठेव" म्हणून विषय मोडता. दोनदा करून पाहिलं. म्हणून आता चारचौघांत लिहिते, म्हणजे तुम्हाला मधेच थांबवता येणार नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या कोंबड्यांनी तुमचा मेथीचा वाफा उकरला आणि आपलं बोलणं बंद झालं. भिंत एक, नळाची वेळ एक, तरी पाच महिने अबोला. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी तुमच्या फाटकाशी येऊन मी कडी वाजवावी की नाही, याच विचारात उभी होते. तुम्हीच आतून ओरडलात, "काहून उभी आहे? कोणती कोंबडी आहे?" माझ्या चेहऱ्यावरून तुम्हाला कोंबडी कशी दिसली, हे मला अजून कळलेलं नाही.

आमची कबरी कोंबडी दोन दिवसांपासून मलूल होती. पहिल्या दिवशी मी उन्हावर ढकललं. पारा ४५ च्या आसपास, पाचही कोंबड्या पंख फाकवून, चोच उघडी ठेवून धापा टाकत होत्या. पण दुसऱ्या दिवशी बाकीच्या चौघी सकाळी दाण्यावर तुटून पडल्या आणि ही कोपऱ्यात मान आत ओढून, पिसं फुलवून, डोळे मिटून उभी. शेपटी खाली. तुरा पांढुरका. प्राण्यांच्या एका दवाखान्यात फोन केला तर "आम्ही फक्त कुत्री-मांजरी पाहतो" असं उत्तर आलं. नात्यातल्या एकाने सावजी रस्सा करायचा सल्ला दिला, त्याचं नाव इथे घेत नाही. आणि आमच्या सासूबाईंच्या डोक्यात बर्ड फ्लू. त्यांचंही चुकलं नाही. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेल्याची बातमी आली, तेव्हापासून त्या अंडं धुतल्याशिवाय हातात घेत नाहीत.

तुम्ही आलात तेव्हा माझ्या एका हातात पाण्याची सिरिंज होती आणि दुसऱ्यात लेकीच्या घशाच्या औषधातली उरलेली अर्धी गोळी. तुमचे पहिले शब्द होते, "थे दोन्ही खाली ठेव." ऐकायला कडक वाटले. पण कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, चोचीत पाणी ओतलं की ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं, हे मला कोण सांगणार होतं? आणि गोळीचं म्हणालात, "कोणता रोग आहे थे माहीत नाही, अन् औषध चाललं. उद्या तिचं अंडं पोरगी खाईन, त्यात थे औषध उतरन." आयुष्यभर सरकारी दवाखान्यात गुराढोरांची मलमपट्टी केलेला माणूस भिंतीपलीकडे राहतो आणि मी रात्री दोन वाजता मोबाइलवर डोळे फोडत होते!

मग तुम्ही नुसतं पाहत बसलात. पाच मिनिटं, उकिडवे, काही न बोलता. मला वाटलं, झालं, काका पण हरले. नंतर विचारत गेलात. मान वाकडी होते का? हिरवट पातळ हगते का? घशातून घरघर येते का? सगळ्याला मी नाही म्हटलं. म्हणजे मानमोडी, कोंबड्यांचा तो साथीचा रोग, नाही. विष्ठेत रक्त? नाही. बाकीच्या चौघी ठणठणीत? हो. सासूबाईंना तेव्हाच सांगितलंत, की बर्ड फ्लू शिरला असता तर एकटीच बसली नसती, पटापट पडल्या असत्या, आणि तसं कधी झालंच तर हात न लावता जनावरांसाठीच्या सरकारी मदत क्रमांकावर, १९६२ वर, फोन करायचा. गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपलीत, ती रिकामी निघाली. मग तिला काखेत धरून दोन्ही पायांच्या मधे बोटांनी अलगद दाबलंत आणि माझाही हात तिथे नेलात. काहीतरी घट्ट लागलं. "अंडं अडकलं आहे. जोरात दाबू नको, आत फुटलं तर संपलं."

बाहेर भट्टी, आणि तुम्ही कोमट पाण्याचं घमेलं मागितलंत. मला वाटलं, उन्हाने काकांचंही डोकं तापलं. पण धाप थांबेपर्यंत तुम्ही तिला जिन्याखालच्या अंधाऱ्या गारव्यात ठेवलंत, दिवेलागणीनंतरच पाण्यात बसवलंत. पाणी कोपराला सोसेल इतपत, पोट बुडेल एवढं, वीस मिनिटं. कबरीने तुमच्या मनगटावर डोकं टेकून डोळे मिटले, तेव्हा लेकीने फोटो काढला. तो मी मुद्दाम इथे लावत नाही, तुमचा बनियन फाटका होता. नंतर पुसून, मागच्या बाजूला खोबरेल तेल लावून, कॅल्शियमचं औषध चोचीच्या कडेला थेंब थेंब लावलंत, ते तिने आपणच चाटलं. रात्री साडेदहाला पुन्हा एकदा घमेलं.

जाताना पुठ्ठ्याचं खोकं दारात ठेवलंत. सकाळपर्यंत अंडं नाही आलं तर सेमिनरी हिल्सला, पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्यायचं. "मी येतो सोबत," म्हणालात. काका, खरं सांगू? मला सगळ्यात जास्त आभार त्या खोक्याचे मानायचे आहेत. तुम्हाला तुमच्या हातावर भरवसा होता, तरी तो कुठे संपतो हे तुम्ही आधीच पाहून ठेवलं होतं.

खोकं लागलं नाही. पहाटे अंडं पडलेलं होतं, कवच नसल्यासारखं, ओल्या चामड्यासारखं मऊ. मी आनंदाने तुमच्याकडे धावले आणि तुम्ही शाबासकीऐवजी उलटतपासणी घेतलीत. काय खाऊ घालते? कणी, शिळी पोळी, भात. "अन् कवच कायचं बनन?" आत अंड्यावर कवच चढायला वीसेक तास लागतात आणि एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. ते कोंबडी आणणार कुठून? उन्हात ती आधीच कमी खाते, वरून धापा टाकून टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तोही कवचाच्याच कामाचा. म्हणजे आमच्या नागपूरच्या उन्हाने अर्धं केलं आणि उरलेलं माझ्या शिळ्या भाताने.

आता वेगळ्या वाटीत शिंपल्याची भरड असते. कबरीला आठवडाभर लवकर अंधारात ठेवलं, म्हणजे अंडं देणं जरा थांबावं. हे पुन्हा होऊ शकतं असंही तुम्ही बजावलं आहे, तेव्हा पोटाला हात लावायची सवय ठेवली आहे. सासूबाईंनीही शिकून घेतली.

आणि लसीचं. शंभर डोसांची बाटली आणि कोंबड्या पाच, म्हणून मी मानमोडीची दुसरी लस टाळत आले होते. तुम्ही वहीत आपल्या तीन गल्ल्यांतल्या कोंबड्या मोजायला सुरुवात केली आहे, कारण फोडलेली बाटली दोन-अडीच तासांत संपवावी लागते. मागच्या गल्लीतले लोक अकरा म्हणाले असतील तर त्यांचा कोंबडा धरून बारा लिहा. तो त्यांनी मोजलेला नाही, मी छतावरून पाहिला आहे.

या हिवाळ्यात मेथी पेराल तेव्हा वाफ्याला जाळी माझ्याकडून. मोजमाप घ्यायला रविवारी सकाळी येते, टेप माझ्याकडे आहे. चहा तुमच्याकडे.

तुमची,
भिंतीअलीकडची