त्या डब्याला नुसतं फ्लॉप म्हणून मोकळे होऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फसलेल्या गॅजेट्सवरचा लेख वाचला, बाकी सगळं ठीक होतं पण सेगा या जपानी कंपनीच्या ड्रीमकास्टचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या त्या कन्सोलचा, तुम्ही चार ओळीत निकाल लावून टाकलात ते काही पटलं नाही, म्हणून लिहायला बसलो. लेखात म्हटलंय की सोनीचा प्लेस्टेशन २ आल्यावर सेगाने घाईघाईत हा कन्सोल काढला आणि तो आपटला. अहो, उलटं आहे सगळं. ड्रीमकास्ट जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ ला आला आणि प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये, म्हणजे सव्वा वर्ष आधी बाजारात येऊनसुद्धा हा गडी हरला. गंमत तर तिथेच आहे.

बरं मशीन भंगार होतं का, तर अजिबात नाही. आतमध्ये फोनच्या लाइनवरून इंटरनेटला जोडणारा मोडेम आधीच बसवलेला, त्या काळात कन्सोलवरून ऑनलाइन खेळायचं हे लोकांना खरंही वाटलं नसतं. २००० च्या डिसेंबरमध्ये फँटसी स्टार ऑनलाइन हा गेम आला, त्यात तयार वाक्यं निवडायची सोय होती, एकाने जपानीत निवडलं की समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसायचं. सीमन नावाचा एक गेम होता त्यात माणसाच्या तोंडाचा मासा, त्याच्याशी माइकवर बोलायचं आणि तो उलट उत्तरं द्यायचा (हे कुणाला सुचलं असेल देव जाणे). आणि अमेरिकेतली सुरुवात तर काय दणक्यात झाली, ९-९-९९ ही तारीख, किंमत १९९ डॉलर, पहिल्या २४ तासात सव्वादोन लाखाच्या आसपास मशीन्स गेली.

मग माशी शिंकली कुठे? माझ्या मते ड्रीमकास्ट यायच्या आधीच. १९९४ ला सेगाने मेगा ड्राइव्ह या आपल्याच जुन्या कन्सोलवर बसवायचा ३२एक्स नावाचा जोड काढला, लोकांनी घेतला, आणि थोड्याच दिवसात सेगानेच तो वाऱ्यावर सोडला. मग सॅटर्न, त्यांचा पुढचा कन्सोल. अमेरिकेत तो सप्टेंबर १९९५ मध्ये येणार असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं आणि मे महिन्यात ई-थ्री या गेमच्या मोठ्या प्रदर्शनाच्या स्टेजवरून जाहीर केलं की आजपासूनच मिळतोय, ३९९ डॉलर. पण माल ठरावीक दुकानांनाच, बाकीचे दुकानदार भडकले, केबी टॉइज या खेळण्यांच्या दुकानांच्या साखळीने तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं, गेम बनवणाऱ्यांचे गेम अर्धवट पडलेले. त्याच ई-थ्रीत सोनीचा माणूस स्टेजवर आला, पहिल्या प्लेस्टेशनची किंमत म्हणून "२९९" एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. तिथून सॅटर्न अमेरिकेत काही सावरला नाही. दोन वर्षांनी सेगाच्याच अमेरिकेतल्या बॉसने, बर्नी स्टोलरने, सॅटर्नमध्ये आपलं भविष्य नाही असं जाहीरपणे सांगून टाकलं. आता ज्याने पदरचे ३९९ डॉलर घालून तो घेतला त्याला काय वाटलं असेल?

त्यामुळे ड्रीमकास्ट आला तेव्हा दुधाने तोंड पोळलेली ही मंडळी ताक फुंकून पीत होती. घ्यावा तर हाही दोन वर्षात बंद पडला तर? त्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम बनवणाऱ्या बड्या कंपनीने एकही गेम दिला नाही, आणि अमेरिकेत त्यांचे स्पोर्ट्स गेम नसणं म्हणजे काय ते खेळणाऱ्याला विचारा. सेगाने स्वतःचे एनएफएल २के (अमेरिकन फुटबॉलचा गेम) वगैरे काढले, चांगले होते, पण नाव ते नाव. जपानमध्ये तर सुरुवातीलाच ग्राफिक्सच्या चिप पुरेशा बनेनात म्हणून हवा होती तेव्हा नेमका मालच नाही. नंतर साध्या सीडीवर कॉपी केलेले गेम मशीन न उघडता चालायला लागले, पण पायरसीने मारला म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, तोपर्यंत घसरण लागलेलीच होती. खरा घाव प्लेस्टेशन २ चा. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेत तो आला तेव्हा मिळतच नव्हता, एवढा तुटवडा, आणि तोवर ड्रीमकास्ट १४९ डॉलरवर आलेला, समोर दुकानात पडलेला, तरी लोक थांबले. डीव्हीडी चालते हे कारण होतंच, पण सोनी आपल्याला मध्येच सोडणार नाही ही खात्री जास्त होती.

३१ जानेवारी २००१ ला सेगाने बंद करतोय म्हणून सांगितलं. ९० लाखाच्या वर विकला गेला, पण प्लेस्टेशन २ पुढे १५ कोटीच्या पार गेला त्यापुढे काय. कंपनीचे चेअरमन इसाओ ओकावा तेव्हा आजारी होते, त्यांनी स्वतःची जवळपास ७० कोटी डॉलरची संपत्ती कंपनीला देऊन टाकली आणि त्याच मार्चमध्ये गेले. कन्सोल बनवणंही मार्चअखेरीलाच थांबलं. वर्ष संपायच्या आत सेगाच्या गेममधला लाडका हीरो सॉनिक जुन्या प्रतिस्पर्धी निन्टेन्डोच्या मशीनवर धावत होता, हे जुन्या सेगावाल्यांना पचायला फार जड गेलं.

माझ्याकडे एक जुना सेकंडहँड ड्रीमकास्ट आहे, अजून चालतो. कंट्रोलरची वायर पुढून न निघता खालून, पोटाकडून निघते, आणि त्यात खोचायचं ते छोटं स्क्रीनवालं मेमरी कार्ड, त्याचे बटणसेल संपलेले असले की मशीन चालू करताक्षणी असं कर्कश पीईईप करतं की घरातले सगळे ओरडतात. सेल आणायचे म्हणतो आणि राहून जातात.

आणि हो, लेखासोबत काळ्या रंगाच्या डब्याचा जो फोटो छापलाय तो ड्रीमकास्टचा नाहीये, सॅटर्नचा आहे. ड्रीमकास्ट पांढरा, झाकणावर गोल गोल चक्राचं चिन्ह. तेवढं दुरुस्त करून छापा.

आपला,
एक नियमित वाचक