चहा सोडलास, बरं केलंस

सदर, नागपूर

प्रिय रूथ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासकाळात, चहा आणि इन्स्टाग्राम दोन्ही बंद, असं तू फोनवर म्हणालीस तेव्हा मी हसलो. ते तुला नाही, मलाच. तू चौथीत असताना मीही चहा सोडला होता, आठवतं? तिसऱ्या दिवसापासून घरात माझ्याशी बोलायला कुणी धजेना. शेवटी तुझी मम्मी म्हणाली, "चहा तुम्ही सोडला आणि उपास आम्हाला घडून राहिला!" आणि हो, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस भरतात ४६. रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून ४०. रविवारी कपभर घेतलास तर चालतं.

तुझ्या पणजीला हे सारं फारसं पटायचं नाही. तिचं माहेर स्कॉटिश मिशनचं, तिथे कपाळाला राख वगैरे काही नव्हतं. १९७० च्या नोव्हेंबरात आपल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली, त्यानंतर कुठे राखेचा बुधवार आमच्या घरात शिरला. ती बायबलातला मत्तयाचा सहावा अध्याय काढून दाखवायची: उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, माणसांना कळू देऊ नको. "आणि तुम्ही कपाळावर पाटी लावून फिरता!" ती स्वतः मात्र भाताला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. तो डबा कुणाच्या घरी रिकामा होत होता, ते आम्हाला तिच्या मयतीला आलेल्या बायकांकडून कळलं.

यंदा मी ठरवलं, सोडायचं काही नाही, दर शनिवारी मेडिकलला, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, डबे न्यायचे. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याकडची माणसं पेशंटसाठी आठ-आठ दिवस व्हरांड्यात चटई टाकून असतात. वीस डबे खिचडी आणि सोबत मृग बहाराची संत्री. पहिल्या शनिवारी अर्ध्या तासात सगळं वाटून झालं. मंडळीच्या ग्रुपवर टाकायला मी फोटोही काढला. पणजी असती तर!

दुसऱ्या शनिवारी एका पोरानं डबा घेतलाच नाही. "जेवण झालं, काका. जरा बसता काय माझ्या बाबापाशी? चार दिवसांपासून आंघोळ नाही केली." मला संध्याकाळची मॅच बघायची होती. तरी बसलो. तो गेला तो दोन तासांनी आला. मधल्या वेळात म्हाताऱ्याला दोनदा उलटी झाली. भांडं धरलं, नेऊन धुतलं. किळस आली, तुझ्यापासून कशाला लपवू? पोरगा परत आला तेव्हा केस विंचरलेले, अंगात धुतलेला शर्ट. म्हातारा त्याच्याकडे बघून पहिल्यांदा हसला.

"दररोज आपला वधस्तंभ उचलून" या येशूच्या वचनातला तो 'दररोज' एकट्या लूकनं लिहिलाय, नवव्या अध्यायात. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत तो नाही. आत्मत्याग म्हणजे चहा, मटण असंच मी इतकी वर्षं धरून चाललो. पण ते मी माझ्या पसंतीनं, माझ्या सोयीनं सोडलेलं. त्या दिवशी काय द्यायचं ते त्या पोरानं ठरवलं, आणि जे मागितलं ते माझ्या पिशवीत नव्हतंच. यशया ५८ मध्ये देव कोणता उपास मागतो ते पुन्हा वाचलं. भुकेल्याला भाकर द्या एवढ्यावर तो थांबत नाही. आपल्याच माणसापासून तोंड लपवू नका, असंही म्हणतो. भाकर देऊन तोंड लपवता येतं, हे मला पहिल्या शनिवारीच कळायला हवं होतं.

तुझ्या रूममेटचा पाय प्लास्टरमध्ये आहे म्हणालीस. चहाचे वाचलेले पैसे माझ्याकडे पाठवू नकोस. तिलाच विचार, काय हवंय ते. अवघड काही सांगेल कदाचित.

उत्तम शुक्रवारला (गुड फ्रायडेला) येतेस ना? दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत मेडिकलला चल. कूलरच्या ताट्याही बदलायच्या राहिल्यात, ऊन तापायला लागलंय.

तुझे,
पप्पा