हंगेरीच का, याचं उत्तर

सांगली, रविवार

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "जगभरचा इतिहास सोडून तू हंगेरीच का धरून बसलीस?" तेव्हा धड सांगता आलं नाही. धर्मश्रद्धा आणि औषधपाणी यांचं नातं हा माझा विषय, आणि ते मला हंगेरीत सापडलं. आज निवांत आहे, म्हणून लिहायला बसले.

तू मिरजेत वाढलास, तेव्हा अर्धी गोष्ट तुझ्या घराजवळचीच आहे. १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं करणारे वानलेस प्रेसबिटेरियन, म्हणजे सोळाव्या शतकातला प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतले. हंगेरीतलं रिफॉर्म्ड चर्चही त्याच कुळातलं. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय, असं मानणारी ही माणसं. मग औषध कशाला घ्यायचं? प्लेग आला तर गाव सोडायचं की देवाची मर्जी म्हणून बसून राहायचं? प्रॉटेस्टंटांमध्ये हा वाद पहिल्यापासून होता. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने १५२७ मध्येच त्यावर लिहिलं होतं की ज्यांच्यावर दुसऱ्यांचा भार आहे त्यांनी जागा सोडू नये, पण औषध घ्यावं, घराला धुरी द्यावी, उगाच कुठे जाऊ नये. हंगेरीत या प्रश्नाचं उत्तर पुस्तकांपेक्षा माणसांच्या वागण्यात जास्त सापडतं, आणि मी तिथेच अडकले.

पेटेर मेलिउसचंच बघ. पूर्व हंगेरीतल्या देब्रेत्सेन शहराचा बिशप, पंथाच्या वादात हाडाचा भांडखोर. १५६७ मध्ये तिथे जी धर्मसभा भरली तिचा प्रमुख तोच. आणि याच माणसाने वनस्पतींवर हंगेरियनमध्ये पुस्तक लिहिलं, कुठला पाला कशावर चालतो ते सांगणारं. तो गेल्यावर, १५७८ मध्ये, ते कोलोझवारला, म्हणजे आजच्या रुमेनियातल्या क्लुजला, छापलं गेलं.

पुढे परिस्थितीनेच धर्म आणि वैद्यक या दोन गोष्टी आणखी जवळ आणल्या. १६३५ पासून देशात विद्यापीठ होतं, पण ते जेझुइटांचं, म्हणजे कॅथलिक धर्मसंघाचं. त्यामुळे प्रॉटेस्टंट घरातली हुशार मुलं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, नाहीतर हॉलंडमधल्या लायडन, उत्रेख्तला जायची. धर्मशास्त्र शिकायला गेलेला एखादा वैद्यकही शिकून परत यायचा.

फेरेन्त्स पापाई पारिझ त्यातलाच. पाद्र्याचा मुलगा, बाझेलचा डॉक्टर, आणि नंतर जन्मभर ट्रान्सिल्व्हेनियातल्या (हा भाग आज रुमेनियात आहे) नॉद्येन्येदच्या रिफॉर्म्ड कॉलेजात मास्तर. १६९० मध्ये त्याने 'पाक्स कॉर्पोरिस', म्हणजे 'शरीराची शांती', हे वैद्यकाचं पुस्तक काढलं. नाव लॅटिन, आतला मजकूर हंगेरियन. कुणासाठी लिहिलंय ते त्याने पुस्तकातच सांगून टाकलं: घर चालवणाऱ्या पुरुषांसाठी, बायकांसाठी आणि ज्यांना कुणी नाही अशा गरिबांसाठी. अविनाश, त्या काळात डॉक्टर लोक एकमेकांसाठी लॅटिनमध्ये लिहीत. याने आपलं ज्ञान सरळ चुलीपाशी नेऊन ठेवलं. त्यातले बरेचसे उपचार आज तू रुग्णाला देणार नाहीस, पण ज्याच्या गावात डॉक्टर नाही त्याला आजार समजावून सांगायचा, ही त्याची तळमळ मला फार मोठी वाटते.

आणि आता काता बेतलेन. हिच्याबद्दल तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जन्म १७००. सतराव्या वर्षी आईने तिचं लग्न सावत्र भावाशी, म्हणजे सावत्र वडिलांच्या आधीच्या मुलाशी, लावून दिलं. ती कट्टर रिफॉर्म्ड, तो कॅथलिक. दोन वर्षांत नवरा प्लेगने गेला. त्याच्यापासूनची मुलं सासरच्यांनी काढून घेतली आणि कॅथलिक म्हणून वाढवली. दुसरं लग्न आपल्या पंथातल्या माणसाशी झालं, तर १७३२ मध्ये तोही गेला आणि त्या संसारातली मुलंही हाती लागली नाहीत. पुढे ती स्वतःच्या नावामागे 'अनाथ' लावून सही करायची. आत्मचरित्रात प्रत्येक दुखणं, प्रत्येक मरण ती देवाने घेतलेली परीक्षा म्हणून लिहिते. तुला वाटेल, अशी बाई जपमाळ ओढत बसली असेल. पण तिने औषधी झाडांची बाग लावली, स्वतः औषधं केली, आजूबाजूच्या आजाऱ्यांना दिली. मुलींच्या शिक्षणासाठी पैसा दिला. मोठा ग्रंथसंग्रह केला, तो नॉद्येन्येदच्या कॉलेजला ठेवला, आणि १८४९ च्या जाळपोळीत तो गेला. तो गेल्याचं मला अजून सोसत नाही. सगळं देवाच्या हाती आहे असं मनापासून मानणारी ही बाई कुणाला ताप आला की औषध घेऊन उभी राहते. तिला यात विसंगती दिसत नाही, आणि तिचं वाचता वाचता मलाही दिसेनाशी झाली.

याच्या उलट १८३१. बंगालातून १८१७ मध्ये निघालेली पटकी, म्हणजे कॉलरा, दुसऱ्या लाटेत हंगेरीत पोचली आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली. सरकारने नाकेबंदी केली, विहिरींत क्लोरीनचा चुना टाकला, बिस्मथची पूड वाटली. उत्तरेकडच्या शेतकऱ्यांची खात्री पटली की जमीनदार, डॉक्टर, पाद्री मिळून आपल्याला विष घालताहेत. उठाव झाला, माणसं मारली गेली. हंगेरियन भाषासुधारणेचा अग्रणी फेरेन्त्स कॉझिन्त्सी, तोही रिफॉर्म्ड, त्याच भागात राहायचा. ऑगस्टमध्ये तोही पटकीनेच गेला. मला वाटतं, औषध आणि अविश्वास दोन्ही वरूनच आले होते. पापाई पारिझसारखं शेजारी बसून कुणी काही समजावलंच नव्हतं.

हे सगळं अभ्यासणारे लोक काय काय धुंडाळतात! घरगुती औषधांच्या हस्तलिखित वह्या, अंत्यविधीची प्रवचनं आणि मुख्य म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. समाजशास्त्रज्ञ रुडॉल्फ आंदोर्का यांनी दक्षिण हंगेरीच्या ओरमान्शाग भागातल्या रिफॉर्म्ड गावांतल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी जुळवून एकेक कुटुंब उभं केलं. अठराव्या शतकाच्या अखेरीसच तिथली जोडपी मुलं मोजकी होऊ देत होती, हे त्यातून दिसलं. पुस्तकात कुणी लिहिणार नाही अशी गोष्ट नोंदवहीत सापडते.

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. तुमच्या चर्चमध्ये दफनाच्या जुन्या नोंदवह्या शिल्लक आहेत का, एवढं विचारशील? प्लेगच्या वर्षांतल्या असतील तर फारच छान. मृत्यूचं कारण लिहिलेला रकाना आहे का, तेही बघ. पाहायला मिळणार असतील तर पुढच्या महिन्यात येते. 'पाक्स कॉर्पोरिस'मधल्या तापावरच्या प्रकरणाचं टिपण सोबत आणीन. डॉक्टर म्हणून तू ते वाचून मला सांग, कुठल्या लक्षणांवरून कुठला ताप असेल. ते मला एकटीला जमण्यासारखं नाही.

काकूंना नमस्कार सांग. उत्तर मात्र लिहून पाठव, फोनवर नको.

तुझी,
शुभदा