कापड उजेडाला धरून बघ

पंचवटी, नाशिक
४ जुलै २०२०

प्रिय शकू,

तुझं पत्र परवा पोचलं. पाकीट भिजून वाळलेलं, एका कडेने शाई पसरलेली, पण अक्षर ओळखलं आणि तिथेच पायरीवर बसून वाचून काढलं. ३ जूनपासून तुझा फोन लागत नव्हता. त्या रात्री इकडेही पाऊस झोडपत होता, आणि निसर्ग वादळाने दापोलीत काय केलं त्याच्या बातम्या यायला लागल्या तशी माझी झोपच उडाली. घराची कौलं गेली, पोफळी आडव्या झाल्या, महिना झाला तरी वाडीत वीज नाही, हे सगळं तू चार ओळींत उरकलंस आणि पुढे पानभर विचारलंस काय, तर मास्क कसे शिवायचे! माणसं सुखरूप आहेत एवढं वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली.

तू लिहितेस, मुंबईहून आलेले चाकरमानी आणि वाडीतले लोक मिळून झाडं तोडतायत, कौलं चढवतायत, आणि तोंडाला बांधलेला रुमाल पाच मिनिटांत गळ्यात येतो. वीज नसली तरी तुझं पायमशीन चालतंय, तेव्हा शिवायला बसायचं तू ठरवलंयस. जरूर बस. पण त्याआधी माझ्या हातून काय झालं ते ऐक, म्हणजे तुझं कापड आणि मेहनत दोन्ही वाचेल.

मार्चमध्ये करोनामुळे सगळं बंद झालं तेव्हा लग्नसराईचे एकोणीस ब्लाउज माझ्याकडे कापून पडले होते. पाडवा घरातच गेला. रामनवमीला काळाराम मंदिराचं दार बंद. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मशीनवर कापड झाकून बसले होते, तेवढ्यात आमच्या बचत गटातल्या वहिनींचा निरोप आला. मुंबईहून आग्रा रोडने पायी निघालेल्या मजुरांना इथे अडवून एका शाळेत ठेवलंय, त्यांच्यासाठी साठ मास्क तीन दिवसांत हवेत. मला तर हाताला काम मिळाल्याचाच आनंद झाला. कापडाची दुकानं बंद. मग ट्रंक उघडली. तुला माहितीये माझी ट्रंक, वर्षानुवर्षं ओटीत आलेले ब्लाउज पीस त्यात घडी मोडलेली नसलेले. रंग जुळवत बसले नाही, हाताला आला तो पीस घेतला, दोन पदर केले, तीन चुण्या घातल्या, फ्रॉकच्या बाहीचं बारीक इलॅस्टिक लावलं. तिसऱ्या दिवशी साठ नग तयार.

आठवडाभराने पुढचे द्यायला गेले तेव्हा शाळेच्या ओट्यावर एक बाप्या बसला होता, माझ्याच हातचा जांभळा मास्क नाकाखाली ओढलेला. मी जरा रागानेच म्हटलं, नाक झाका ना. त्याने झाकलं, दोन श्वास घेतले, पुन्हा खाली ओढला आणि हात जोडून म्हणाला, “माई, साँस नहीं आती.” कानामागे त्याच्या लाल वळ उठला होता. साठ जणांना मी एकाच मापाचं इलॅस्टिक लावलं होतं गं. आपण ब्लाउज बेतताना अर्ध्या इंचासाठी बाईला दोनदा बोलावतो, आणि इथे उभ्या माणसाचा चेहरा न बघता साठ तोंडं एका मापात कापली.

तो मास्क मी घरी आणला. धुतला, बल्बसमोर धरला. कापड टेरिकॉट. जांभळं, झुळझुळीत, दिसायला देखणं, पण श्वास जाईल तर शपथ! त्यातला एक धागा ओढून काडीने पेटवला तर वितळून त्याचा टणक मणी झाला. सुती धागा असा होत नाही, तो कागदासारखा जळतो आणि बोटात चुरली तर राख होते. ही परीक्षा आपल्या मास्तरीणबाईंनीच शिकवलेली, पण घाईत मी केली नव्हती. ट्रंकेतले निम्मे पीस असेच निघाले.

तेव्हापासून मास्क नाकाखाली दिसला की मी आधी माणसाला नाही, मास्कला बघते. पुष्कळदा खोट शिवण्यात असते. श्वास कोंडला, चष्म्यावर वाफ धरली, कान ओढला, बोलताना घसरला, की हात आपोआप वर जातो, आणि तोच हात मघाशी कुठे कुठे लागलेला असतो. जो मास्क विसरून दिवसभर तोंडावर राहतो तो खरा मास्क. तुझ्या झाडं तोडणाऱ्या माणसांवर चिडू नकोस. त्यांना श्वास घेता येईल असं शिवून दे, बघ कसे घालतात ते.

कापडाचं सांगते. शंभर टक्के सुती घे, विणीला घट्ट. जुनी सुती चादर, पॉपलिन, धोतर, टू बाय टू रुबिया चालेल. उजेडाला धरून बघ: धाग्यांमधून प्रकाश गाळणीसारखा दिसला तर एकेरी घालून उपयोग नाही, दोन पदर कर आणि पुन्हा धर. मग तोच दुपदरी तुकडा तोंडावर दाबून शंभरपर्यंत मोठ्याने मोज. दम लागला तर ते कापड पिशवीला ठेव. मांजरपाट घेतलास तर आधी रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, मगच कात्री लाव. कोरं कापड आटतं. माझे पहिले मांजरपाटाचे मास्क एका धुण्यात लहान मुलांचे झाले.

माप मी केंद्र सरकारने मार्चच्या शेवटी काढलेल्या पुस्तिकेतलं धरलं. मोठ्यांना ९ बाय ७ इंच, मुलांना ७ बाय ५. दीड इंच रुंदीच्या दोन पट्ट्या ४० इंच लांब, त्या वरखाली लागून त्यांचेच चार बंद होतात, आणि ५ इंचाच्या दोन छोट्या, बाजूच्या पायपिंगला, म्हणजे कडा बांधायला. चुण्या तीन, बाहेरून बघताना तोंड खाली असलेल्या, म्हणजे धूळ आत साठत नाही. पण हे माप म्हणजे शेवटचा शब्द नाही. दाढी असलेल्याला, रुंद जबड्याच्या माणसाला मी १० बाय ८ कापते. चुण्या उघडल्या की कड हनुवटीच्या खाली वळली पाहिजे. नुसती टेकली तर तोंड उघडताक्षणी वर सरकते.

आणि इलॅस्टिकच्या मागे लागू नकोस. इथे एप्रिलमध्ये ते मिळत नव्हतं, मिळालं तर भाव ऐकून परत यावं, पण मी बंदांकडे वळले ते वेगळ्या कारणाने. डोक्यामागे दोन गाठी मारल्या की ज्याचं त्याचं माप जो तो स्वतः घेतो, कानाला ओढ नाही, आणि उकळलं तरी बंद सैल पडत नाही. तुझ्या मामंजींना तर बंदच लाव. कानातलं मशीन आणि कानातलं इलॅस्टिक एकाच जागी येतात, मास्क काढताना मशीन उडून पडतं. आमच्या समोरच्या आजोबांचं असंच ओट्यावरून गटारीत गेलं आणि नवं यायला महिना लागला. तो महिना ते कुणाशी बोलले नाहीत.

सगळ्यात जास्त डोकं मी नाकाच्या तारेला लावलंय. चष्म्यावर वाफ धरते म्हणजे श्वास नाकाशेजारच्या फटीतून वर निघतोय, कापडातून जातच नाहीये. मग कापड कितीही चांगलं असो. भावाच्या द्राक्षबागेत मांडवाला बांधायची तार असते, तिचे चार चार इंचाचे तुकडे केले. बसली झकास. दुसऱ्या धुण्याला पांढऱ्या कापडावर चहाच्या डागासारखा गंजाचा ओघळ! मग शेजारच्या वायरमन पोराने उरलेल्या वायरीचे तुकडे दिले, आत तांब्याची एकच जाड तार आणि वर प्लास्टिक असलेले. त्याला गंज नाही. टोकं पक्कडने गोल वळवायची, नाहीतर कापड फाडून डोळ्याशी येतात, आणि वरच्या पट्टीत दोन्ही बाजूंना आडवी टीप मारून तार कोंडायची, म्हणजे ती सरकत नाही. लावून झाल्यावर दोन्ही तर्जन्यांनी मधून बाहेर दाबत न्यायची. एका हाताच्या चिमटीने दाबलीस तर मधे कोन पडतो आणि दोन्हीकडे फट राहते.

५ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने तीन पदर सांगितले: आतला सुती, बाहेरचा पाणी न शोषणारा, आणि मधे न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा. नाव वाचून घाबरू नकोस. साडीच्या दुकानात पूर्वी कापडासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याठिपक्यांच्या पिशव्या मिळायच्या ना, त्याच. २०१८ मध्ये आपल्याकडे बंदी आली तेव्हापासून माझ्याकडे गठ्ठा पडून होता. छापील भाग सोडून कापल्या, मधे घातल्या आणि सवयीने शेवटी कडक इस्त्री फिरवली. मधला पदर आतल्या आत वितळून पापडासारखा झाला. तीन पदरांच्या मास्कला इस्त्री नाही, शकू. तुला तिकडे धुवायची सोय पाहता मी म्हणेन, घट्ट विणीचे दोन सुती पदरच कर, मन लावून कर. वाडीतल्या उघड्यावरच्या कामाला ते पुरतील. मात्र कुणी तापाने पडलं आणि त्याची शुश्रूषा करायची वेळ आली तर हा मास्क पुरेसा मानू नका. दवाखान्यातून तिथला मास्क मागून घ्या. कापडाने आपल्या तोंडचे तुषार अडतात, समोरच्याचे काही अंशी. अंतर ठेवायचं ते ठेवायचंच.

धुण्याचं मात्र तुझं कोडं माझ्यापेक्षा अवघड आहे. पुस्तिकेत लिहिलंय गरम पाण्यात साबणाने धुवून पाच तास उन्हात वाळवा. आषाढात कोकणात पाच तास ऊन कुठून आणशील? पण त्यातच दुसरा मार्ग आहे. मीठ घातलेल्या पाण्यात, कुकरमध्ये दहा मिनिटं उकळायचे. मग चुलीवर, वैलाच्या बाजूला दोरी बांध, धूर लागणार नाही अशी. दमट मास्क कुणाला देऊ नकोस. ओला झाला की श्वास जात नाही आणि पुन्हा तोच नाकाखाली येतो. प्रत्येकाला निदान तीन हवेत, एक तोंडावर, एक धुतलेला, एक वाळत. घामाने भिजला की दुपारी बदलायला चौथा असला तर फारच बरं. ओळखायला बंदाच्या टोकाला ज्याच्या त्याच्या रंगाचा दोरा घाल, नाहीतर दोरीवरून कुणाचा कुणी उचलतो. आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मुळीच बांधू नका, आईने कितीही हट्ट केला तरी.

शाळेतल्या त्या साठपैकी बेचाळीस मास्क मला परत मिळाले. मी ते उसवले. इलॅस्टिक वाचवलं, कापड बाजूला केलं, आणि अप्पांच्या दोन धोतरांचे नवे कापले. अप्पा जाऊन अकरा वर्षं झाली, तीच दोन धोतरं ठेवली होती मी. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत, नाकाला लागतसुद्धा नाही. या वेळी शाळेत टेप घेऊन गेले, हातभर लांब उभी राहिले आणि माणसागणिक विचारलं, बोलून दाखवा, मान फिरवा. जांभळ्या मास्कवाल्याने बंद बांधले, ओट्यावरून खाली उतरून अंगणाला एक फेरी मारली आणि नुसती मान हलवली. १ मेच्या रात्री नाशिक रोडहून भोपाळला मजुरांची गाडी सुटली, राज्यातली पहिली. टीव्हीवर फलाट दाखवत होते, रांगेत अंतर ठेवून उभी माणसं. मी पडद्याला नाक लावून धोतराचं पांढरं कापड शोधत होते. एवढ्या गर्दीत काय दिसणार. पण शोधलं.

आता दुकानं सम-विषम तारखेने उघडतात, दोरा मिळतो. एकादशीच्या आदल्या दिवशी निवृत्तीनाथांच्या पादुका त्र्यंबकेश्वरहून एसटीने पंढरपूरला गेल्या. दिंडी नाही, टाळ नाहीत. आमच्या गल्लीतले माळकरी बाबा दरवर्षी चालत जातात. त्यांना मी शिवून दिला होता, तो बांधून ते एकादशीला दारातच उभे राहून भजन म्हणत होते, आणि एकदाही त्यांनी तो खाली केला नाही. मी मुद्दाम बघत होते.

या पत्रासोबत पुडकं आहे. बारा मास्क, वायरीचे चाळीस तुकडे टोकं वळवलेले, पांढऱ्या दोऱ्याची सहा रिळं, दोन बॉबिन, मशीनच्या १४ नंबरच्या सुया. एक मास्क अर्धवट आहे, चुण्या घालून ठेवलेला, बाजू उघड्या. तो नमुन्याला ठेव, म्हणजे माझं लिहिलेलं कळलं नाही तर हाताला कळेल. कापलेले मोठे तुकडे पुढच्या पुडक्यात पाठवते. वादळात तुझी कापडं भिजली म्हणतेस, तर बुरशी धरलेलं एकही वापरू नकोस, धुतलं तरी.

मामंजींचा मास्क मी इथूनच शिवणार आहे, तू त्यात हात घालू नकोस. मला त्यांचं माप हवंय. दोरा घे, नाकाच्या हाडावर, चष्मा टेकतो तिथे धर, हनुवटीखालून दोन बोटं पुढे ने, तिथे गाठ मार. दुसरा दोरा एका गालाच्या हाडापासून नाकावरून दुसऱ्या गालापर्यंत, त्याला दोन गाठी. त्यांना बोलतं ठेवून माप घे, गप्प बसवून घेऊ नकोस. आणि दोन्ही दोरे पाकिटात घालून लगेच टाक.

तुझी,
बेबी